दांगुओलेचं मत

काउनसच्या बाजारात, धुरावलेल्या वामींच्या मागे उभा राहून
रिमगौदास अजून ब्रिएदिसचीच बाजू लढवतोय.
हातातल्या बांगड्यानेच दाखवतो:
"असा. बास्केटकडे पाठ, आणि असा वळायचा,
चेंडू सुटेपर्यंत समोरच्याला पत्ता नाही."
बांगड्याची शेपटी माझ्या टोपीला लागते.

वायदोतास बसड्रायव्हर, जेवणाची सुट्टी संपत आलेली.
"तेव्हा तीन पॉइंटांची रेघ तरी होती का?
तौरास अर्ध्या मैदानातून टाकतो. आकडे बघ."
"आकडे काट्यावर मीही रोज बघतो.
त्याने मासळी ताजी होत नाही."

मग बूट निघाले. ब्रिएदिसचे, म्हणे, सुतळीने बांधलेले.
तौरासचे, त्याच्याच नावाने दुकानात विकले जाणारे.
मग गुडघे.
जे दोघे कधीच समोरासमोर येणार नाहीत
त्यांचा सामना इथे दर शनिवारी होतो,
बर्फ पडो न पडो.

दांगुओले अर्धा किलो हेरिंग घ्यायला आली होती.
तीस वर्षं क्लबचे कपडे धुतलेत तिने.
"ब्रिएदिसचा शर्ट ना," सुटे मोजता मोजता म्हणाली,
"सामन्याआधीच ओला व्हायचा.
दुसरा मी रेडिएटरवर वाळवून ठेवायचे.
कुणाला सांगू नका म्हणाला होता."

रिमगौदासने बांगडा खाली ठेवला.
"आणि तौरासचा?" वायदोतासने विचारलं.
"आता यंत्रं आहेत. मला काय कळणार."
पिशवीला गाठ मारली, दारापर्यंत गेली.
"परवा टीव्हीवर मात्र दिसला.
राष्ट्रगीत चालू होतं,
आणि तो सारखे तळवे चड्डीला पुसत होता."