काटा बंद

जिनिंगच्या गेटावर एकोणतीस ट्रॅक्टर,
आणि बाविसावा तेविसाव्याच्या पुढं की मागं
एवढ्यावरून माझा ब्राऊन बेल्ट पणाला लागला.

मी आधी पाय जुळवले.
अकरा वर्षांची सवय, वाकल्याशिवाय सुरू होत नाही.
अर्धा वाकलो तेवढ्यात त्यानं कॉलर धरली
आणि वरचा ओठ दातात घुसला.
मग मी लाथ उचलली. लाथ चांगली होती,
यवतमाळात याच लाथेला पदक मिळालं होतं,
पण एका पायावर उभं राहायला जमीन लागते
आणि तिथं सरकी सांडली होती.

खालून पाहिलं ते सांगतो.

झिंगरूजी पैलवान उतरले ट्रॉलीवरून,
कान वाळल्या कोयीसारखे, मांडीवर थाप.
काय धोबीपछाड मारली! पंचांनी पाहावी अशी.
गडी चीत. झिंगरूजींनी हात वर केला,
डफडं वाजायची वाट पाहत उभे राहिले.
डफडं नाही वाजलं. चीत झालेला उठला,
आणि त्याचा साळा मागून आला, हातात जॅकचा दांडा.

शामराव उईक्याची लाठी,
जत्रेत फिरली की लिंबू कापते डोळे बांधून.
दोन ट्रॉल्यांच्या मधात जागा दीड हात.
पहिल्याच फेऱ्यात टोक फाळक्यात अडकलं
ते संध्याकाळपर्यंत तिथंच होतं.

मोबाइलवर पाहून शिकलेला एक पोट्टा
उडून लाथ मारायला टपावर चढला, उडालाही.
कापसाच्या ढिगात गेला. कोणी शोधलं नाही.

सगळं मिळून एक मिनिटही नसेल.
मग खिडकीतून काट्यावरच्या झाडेबाबूनं
पान न थुंकता, तोंड वर करून सांगितलं,
‘काटा बंद.’
आणि चाळीस माणसं एकमेकांची मानगूट सोडून
आपापल्या नंबराला जाऊन उभी राहिली.
तो माझा कॉलरवालाही.
जाताना त्यानं माझी चप्पल आणून दिली.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात तास.
अकरा पोरी, सात पांढरे ड्रेस,
बाकीच्या शाळेच्याच युनिफॉर्मात.
माझा ओठ पाहून कोणी हसलं नाही, हे वाईट.
प्रणोती कुमरेनं विचारलं,
‘सर, नळावर अंधारात कोणी आडवा आला तं
कोणती लाथ मारायची?’

आधी मी तीन सांगायचो. आकड्यांसकट, जपानीत.

म्हणालो, पळ.
पळता नाही आलं तं गुंडीनं हाण, भरलेली असली तं बरं.
आणि ओरड. पण वाचवा-वाचवा नको,
वाचवा म्हटलं की लोक आधी कडी लावतात.
त्याच्या नावानं ओरड.
आपल्या गावात चेहरा झाकला तरी चाल माहीत असते,
चालीवरून घर, घरावरून बाप.
शहरातल्या सरांना हे शिकवता येत नाही,
त्यांच्याकडं मारणाऱ्याला नाव नसते.

पोरी एकमेकींकडं पाहू लागल्या.
बेंबीतून आवाज काढा, म्हणालो, ठोशासोबत काढता तोच.
सरावाला कोणतंही नाव घ्या.
कोणी मावसभावाचं घेतलं, कोणी गणिताच्या सरांचं,
एकीनं माझंच घेतलं, हसल्या सगळ्या.

प्रणोती पुढं आली.
पाय खांद्याएवढे फाकवले, मुठी कमरेला,
आणि तिनं कोणतंही नाव घेतलं नाही.
एकच घेतलं.
बापाच्या नावासकट, आडनावासकट.

पारावरचा पत्त्यांचा डाव थांबला.
पानटपरीजवळून कोणीतरी मोटारसायकल
चालू न करताच
ढकलत नेली.

माझा ओठ पुन्हा वाहायला लागला होता.
मी म्हणालो, आणखी एकदा. जोरात.