पडू नका

तुल्तेपेकला गटाराचा चर खणताना
फिदेन्सिओच्या कुदळीला हाड लागलं.
मांडीचं. उभं केलं तर त्याच्या छातीला येईल एवढं.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, मॅमथ.
त्यानं मान डोलावली. बाई गेल्यावर
ओल्या फडक्यानं माती पुसत म्हणाला,
किनामेत्सिन.
पहिल्या सूर्याखालची माणसं, डोंगराएवढी,
ओकची फळं खाऊन राहायची.
वाटेत गाठ पडली की
कसं काय, बरं आहे ना, असलं काही नाही,
म्हणायची: पडू नका.
कारण पडला तो कायमचाच.
मग जग्वार आले
आणि उभे होते त्यांनाही सोडलं नाही.

आमच्या गावाचा धंदा शोभेच्या दारूचा.
सोरा, गंधक, कोळसा,
वेताच्या सांगाड्यावर चिकटवलेला कागदी बैल.
फिदेन्सिओचा डावा गाल मेणासारखा वितळून थिजलेला,
कानाच्या जागी नुसती घडी.

दुपारी वाती वळताना तो नानावात्सिनची गोष्ट सांगतो.
अंगभर फोड आलेला देव.
सूर्य नव्हता तेव्हा, तेओतिवाकानला, चार रात्री जाळ.
दुसरा देव श्रीमंत.
त्यानं केत्झलची पिसं वाहिली, पोवळ्याचे काटे वाहिले.
ह्यानं बोरू वाहिले, आणि स्वतःच्या खपल्या.
श्रीमंत चारदा धावला,
चारदा कडेशी येऊन थांबला.
फोडवाल्यानं डोळे मिटले आणि गेला.

मी हसलो. श्रीमंताला.

"हसू नकोस," फिदेन्सिओ म्हणाला.
"मीही थांबलो होतो. दाराशी.
आत सिप्रियानो होता."

सिप्रियानो म्हणजे माझा बाप.

वात वळायची राहिली.
बाहेर कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवला.

"शेवटी श्रीमंतानंही घेतली उडी," तो म्हणाला,
"पण उशिरा. राख व्हायला आली होती.
म्हणून त्याचा चंद्र झाला.
वर देवांनी त्याच्या थोबाडावर ससा फेकून मारला.
दिसतो ना अजून?"

आणि त्यानं गालाला हात लावला.

हाड सरकारी माणसं ताडपत्रीत बांधून घेऊन गेली.
चर तसाच उघडा आहे, पाऊलभर पाणी साचलंय त्यात.
मार्चमध्ये सान हुआनच्या जत्रेला
आमचा बैल पेटेल, गर्दीत घुसेल,
शिंगांतून ठिणग्या उडवत.
त्याला खांद्यावर मी घेणार, यंदा पहिल्यांदा.

फिदेन्सिओ वात लावेल.
काय म्हणेल, मला माहीत आहे.