मानमोडे

जळगावात, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर
माझी पाटी आहे :
डॉ. सुलक्षणा मानमोडे. मान, पाठ व मणक्याचे विकार.
लोक जिन्यात थांबून फोटो काढतात.
रंगाऱ्यानं विचारलं होतं, ताई, नक्की हेच लिहू?

नक्की हेच. सनदेतही हेच आहे,
मोडीत, एका दमात, हात न उचलता :
उमऱ्या नाईक बंडवाला, याची मान मोडिली, सबब
हैबतराव देशमुख यांसी
अनेरेकाठचे गाव सात इनाम करून दिल्हे.
कशी मोडिली, ते नाही.
कुठं, तेही नाही.
मध्ये 'सबब' एवढाच शब्द आहे.
त्या शब्दावर आम्ही दोनशे वर्षं जेवलो.

पणजोबा गुणवंतरावांना नाव टोचायचं.
त्यांनी धुळ्याला कलेक्टरकडं अर्ज टाकला :
'मोडे' काढून 'कर' लावावं,
आम्हांस मानकर म्हणावं.
कारकून म्हणाला, वतन तर मानमोड्यांचं.
मानकरांना सालाचे एकसष्ट रुपये चार आणे
कोणत्या खात्यातून देऊ?
पणजोबांनी अर्ज परत घेतला.
येताना एक छत्री घेतली.

मग ती साथ आली.
माणसं संध्याकाळी शिंकायची, सकाळी तिरडीवर.
लोकांनी तिला नाव दिलं मानमोडी
आणि आमच्याकडं बघितलं,
जणू आमचीच कोणी लेक माहेरपणाला आली होती.
तेव्हापासून गावात नाव घ्यायचे नाहीत.
त्यांची विहीर. त्यांचा बैल. त्यांच्यात कोणीतरी गेलं.
आत्याच्या पत्रिकेत नुसतं देशमुख छापलं;
वऱ्हाडाला हळदीच्या रात्री कळलं.
नवरदेवानं म्हणे आधी उपरणं मानेभोवती घेतलं.

गढीची पांढरी माती लोकांनी गाढवांवर लादून नेली,
धाब्यांवर पसरली. बुरूज गेला, दिंडी गेली.
आता सगळं गाव आमच्याखाली झोपतं
आणि पावसाळ्यात कोणाचंच घर गळत नाही.
एवढं एक आमच्या हातून बरं झालं,
तेही आम्हाला न विचारता.

परवा चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याचा
एक म्हातारा आला. दुरसिंग.
मान डावीकडं अडकलेली.
पाटी नातवानं वाचून दाखवली
आणि दोघं बराच वेळ जिन्यातच उभे राहिले.
आत येऊन म्हणाला, अनेरवाला मानमोडे ना?
तू कोनी पोर शे?

मी सांगितलं.

तो म्हणाला, आमच्या गाण्यात तुम्ही आहात.
आखाजीला जेवायला बोलावलं होतं उमऱ्याला.
रस होता, मांडे होते.
पहिला घास घ्यायला त्यानं मान खाली घातली.
तेवढाच वेळ लागला.
एसटी कितीला सुटते ते सांगावं,
तसं सांगितलं त्यानं.

मी म्हटलं, चोपड्याला दुसरे डॉक्टर आहेत, चांगले आहेत,
चिठ्ठी लिहून देते.
त्यानं टोपी नातवाकडं दिली
आणि टेबलावर आडवा झाला.

डोकं माझ्या तळहातांत आलं,
भोपळ्याएवढं जड, खोबरेल तेलाचा वास.
कवटीच्या कडेखाली माझी बोटं जिथं बसतात
तिथंच बसली असतील हैबतरावांची.
मानेचे मणके सात. मी मोजले.
गावंही सातच होती.

माझा हात हलेना.
तो वर बघत होता, पंख्याकडं असेल.
म्हणाला, जोरमा दाब, माय.
हलका हात काय कामना?