लवेच्या बाजूने

मार्चपासून निहार मफलर काढत नाही.
घरातही नाही, जेवतानाही नाही.
वुल्वरहॅम्प्टनला मे महिना लागला,
समोरच्यांनी दारात खुर्च्या टाकल्या,
आणि हा सोळा वर्षांचा पोरगा
मानेला लोकर गुंडाळून वरणभात खातोय.

मग एकदा अंघोळीनंतर विसरला.
हनुवटीखाली लाल पुटकुळ्या,
काहींना पांढरी टोकं, एक फुटलेली.
"केसतोड," मी म्हणाले.
"काय तोड?"
शब्द त्याच्याकडे नव्हता. दुखणं होतं.

बेसिनवर पाच पात्यांचं रेझर.
कोरड्या कातडीवर, खालून वर, घाईघाईत,
सातपन्नासची बस.
बिनपाण्याने हजामत, म्हटलं, आमच्याकडे
वेगळ्याच गोष्टीला म्हणतात.
तो हसला नाही.
याचा बाप असता तर.
म्हणजे आहे, दोहात आहे, शुक्रवारी फोन करतो.
पण फोनवरून कुणाची मान
ताणून धरता येत नाही.

"तेच बरं. ताणायचीच नसते,"
एव्हर्टन म्हणाला, डडली रोडच्या सलूनमध्ये,
आणि स्वतःची कॉलर खाली ओढली.
जुन्या खुणा, बाजरीच्या दाण्यांएवढ्या.
"कातडी ताणलीस, पातं खोल गेलं,
केस तुटून आत सरकला.
आता तो वाढणार. वाढणं थांबतंय होय?
दार सापडत नाही, मग वळतो,
आणि आपल्याच घराच्या भिंतीत घुसतो.
कुरळ्यांचं तर हमखास."

मी विचारलं, सुईने काढू का एकेक?
हात सवयीने पर्समध्ये गेलासुद्धा.
"सुई तुझ्या दुकानात ठेव."

तीन आठवडे रेझर बंद. बरं झाल्यावर
आधी गरम फडकं, मग फेस, दोन मिनिटं नुसतं थांबायचं,
मग एकच पातं, एका जागेवरून एकदाच.
"एकदाच" म्हणताना त्याने माझ्याकडे का पाहिलं
कोण जाणे. निहार मात्र खाली बघून हसला.
एक प्रश्न मी तीनदा विचारते,
हे घरातलं बाहेर कधी गेलं?

"आणि केसाच्या बाजूने. ये, बोट लावून बघ."
मी?
"मग घरी कोण बघणार?"

बोट जीन्सला पुसलं.
तीन वर्षांत या मानेला हात लावला नव्हता,
लावू दिला नव्हता.
जबड्याखाली केस खाली वळलेले,
घाटीपाशी उलटे, वर,
डाव्या कानाखाली तिरपे,
आणि मधे एक भोवरा, लहान,
जसा जन्मतः टाळूवर होता.
तो हलला नाही. गिळला फक्त,
माझ्या बोटाखालून घाटी वर जाऊन आली.

एकोणीस वर्षं मी लोकांचे कपडे उसवते, शिवते.
मखमल हातात आली की आधी तळवा फिरवते,
लव कुठे वळते ते बघते.
उलटी कापली तर एक बाही काळी दिसते, दुसरी राखाडी,
आणि गिऱ्हाईक दारातच भांडतं.
पोराच्या ओठांवर पहिल्यांदा आली
तीही लवच. एकच शब्द.
मला तो सलूनमध्ये उभं राहून जोडता आला,
समोर रेडिओवर क्रिकेटचा स्कोअर चालू असताना.

जूनमध्ये बाथरूमचं दार अर्धं उघडं.
"आई, इथे कुठल्या बाजूने?"
त्याला माहीत आहे. मला माहीत आहे की माहीत आहे.
कणकेचे हात घेऊन गेले, कोपराने दाखवलं.

शुक्रवारी दोहाहून फोन.
"अरे, नीट कर की दाढी. खुंट राहिलेत बघ."
निहारने स्क्रीन जवळ घेतला,
गाल दाखवला, मग मान, उघडी.
"राहू देत, बाबा," म्हणाला.
"थोडे ठेवायचेच असतात."