केसभर

टाल्लिनमध्ये डिसेंबरात तीनलाच अंधारतं.
आम्हाला फरक पडत नाही,
स्टुडिओच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलंच असतं बारा महिने.
आत टेबलावर एक समुद्र, सेलोफेनचा,
एक दीपगृह, माझ्या गुडघ्याएवढं,
आणि त्याचा राखणदार:
वीतभर उंच, लोकरीचा कोट, पोटात अ‍ॅल्युमिनियमची तार.
आज त्याने दिवा विझवायचा आहे.
गलबत खडकावर आपटायचं आहे. पान एक्केचाळीस.

हात जरासा वर. क्लिक.
अजून जरासा. क्लिक.
दिवसाकाठी चार सेकंदांचा दुष्टपणा होतो माझ्याच्याने,
त्याहून जास्त नाही.

रास्मुस, पटकथावाला, पंचविशीचा,
म्हणतो, हेल्वे, याला एक बालपण देऊया.
आई बुडालेली, बाप दारुडा, असं काहीतरी.
म्हणजे कळेल लोकांना, हा असा का.
मी म्हणते, दे की.
बालपण काय, उद्या दुपारपर्यंत चिकटवून होईल.
पण मग किल्ली कोण फिरवणार?
ती बुडालेली आई?

माझ्या वडिलांना बालपण होतं. चांगलं होतं.
बावीस वर्षांचे होते ते, एकोणपन्नासच्या मार्चमध्ये,
शेजाऱ्यांच्या दारात यादी वाचली गेली
आणि वाचणाऱ्याला दिसावं म्हणून
कुणीतरी कंदील धरला.
"मी फक्त कंदील धरला."
जन्मभर एवढंच.
"हात माझा, हलवणारे दुसरे."
मग ते हात झटकत, खरोखरचे,
पीठ झटकावं तसे,
आणि मला लाकडाचे घोडे करून देत.
चाकू धरायला त्यांनीच शिकवलं.
ज्या बोटांनी मी याची बोटं वाकवते
ती त्यांच्याच वळणावर गेली आहेत.

साल्मे आठ वर्षांनी परतली, सैबेरियातून.
मी तिला भेटले फार उशिरा, तिच्या ऐंशीत,
ते गेल्यावर.
तिने कॉफी ओतली आणि म्हणाली,
तुझ्या बापाने कंदील धरला होता. बरोबर.
आणि शिपायाची पाठ वळली तेव्हा
माझ्या आईच्या कानाशी लागला:
शिवणयंत्र घे. भांडी राहू दे, यंत्र घे.
त्या यंत्रावर आम्ही जगलो तिकडे.
साखर किती?

हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. मला, आईला, कुणालाच.
परतताना ट्राममध्ये कळलं का ते.
यंत्र स्वतःच्या नावावर घेतलं असतं
तर कंदीलही घ्यावा लागला असता.

तारेला एक खोड असते.
वाकवून सोडली की केसभर मागे येते.
नवशिके चिडतात तिच्यावर.
आम्ही जुने, जरा जास्तच वाकवतो,
तिचं मागे येणं हिशेबात धरून.
आज दोनशे बाराव्या चित्राला
राखणदाराचा हात किल्लीवर टेकला
आणि मी बोटं काढून घेताच
केसभर मागे आला.

मी तो तसाच राहू दिला. क्लिक.
पुन्हा क्लिक. सबंध एक सेकंद.

रास्मुस पडद्याशी वाकला. चूक झाली का?
तो थांबलाय असं वाटतंय.
थांबलाच आहे.
म्हणजे विझवणार नाही?
विझवेल.
मग थांबून काय उपयोग?
गलबतावरच्यांना काही नाही, मी म्हटलं.
पुढचं मला बोलता येईना.
त्याने पान एक्केचाळीस उलटंसुलटं केलं
आणि बालपणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला,
फाडला मात्र नाही.

रात्री कामाच्या वहीत लिहिते:
दिवा विझला.
खोडते. दिवा विझवला गेला.
खोडते.
त्याने दिवा विझवला.
चार सेकंद.