तेल शेर तीन

समुद्र इथून लांब आहे.
वडोद्यात पाणी म्हणजे कठड्यात बसवलेलं सूरसागर
आणि विश्वामित्री, जिच्या काठी मगरी
पेन्शनीत निघाल्यासारख्या उन्हाला पडलेल्या.

तरी माझ्या टेबलावर एक बंदर आहे.
लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले खारवे,
त्यांच्या होड्या, त्यांची पट्टी, त्यांचे दंड.
रुमाल दोनशे चौदा. माढबारा, मच्छी खातं.
गाठ सोडली की अक्षरांच्या आधी वास येतो.
या दप्तराला कसर लागलेली नाही.
मिठामुळे, म्हणतात दिघे साहेब,
आणि नाकाला रुमाल लावतात, त्यांचा स्वतःचा.

मी मोडी वाचते, पानाला बावीस रुपये.
मोडी लिहिणारा आधी ओळ आखून घेतो
कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग तिला अक्षरं लटकवतो
जसे वलांडीवर बोंबील.

हे बोंबील यशवंत बाबाजी ताम्हाणे यांचे.
कारकून, बंदर शाखा, बत्तीस वर्षं नोकरी.
कोठीच्या दुसऱ्या मजल्यावर बसून
या माणसानं एक धक्का बांधला:
दगड, चुना, शिसं ओतून बसवलेली लोखंडी कडी चाळीस,
माल उचलायला यारी एक,
गोड्या पाण्याची विहीर (पाणी मचूळ निघालं, पुन्हा खणली),
जाळी रंगवायच्या कढया, मासळी खारवायचे हौद.
बर्फघर नामंजूर. बर्फ ही चैन आहे.
‘बंदर समक्ष पाहण्यास मिळावे’ असा अर्ज दोनदा.
प्रवासभत्ता नामंजूर, दोनदा.
भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र
त्यानं समासात रोज लिहिलंय,
कोणी विचारलेलं नसताना.

छप्पनच्या दुष्काळानंतर काटकसर आली.
बत्तीचं तेल, महिना शेर नऊ,
ते शेर सहा.
हुकूम वरचा. अक्षर याचंच.

नारळी पौर्णिमेनंतरचा होड्यांचा पट.
लाखा भीमा टंडेल, होडी हरसिद्धी, माणसं सात.
पुढच्या पानावर त्या नावावरून तांबड्या शाईची रेघ.
शेऱ्याच्या रकान्यात: नाही.
एवढंच.
पट्टी भरली नाही?
परवाना घेतला नाही?
मी आठ दिवस त्या ‘नाही’पाशी बसले.
बावीस रुपयांत एवढं बसायचं नसतं.

कार्तिकापासून खर्चाच्या वहीत
तेल शेर सहा, सरकारी.
त्याखाली, बारीक:
तेल शेर तीन, खासगी.
कोणाकडून, ते नाही.
एकोणीस वर्षं, दर महिना. अधिक मासातसुद्धा.

मी पगारपत्रकं काढली, रुमाल तीनशे नऊ.
ताम्हाण्यांचा पगार पुरता, एक पैची कपात नाही.
म्हणजे ते नसतील.
लाखाची बायको असेल, सुकटीच्या टोपल्या विकून.
कोणी व्यापारी असेल, नवसाचा.
किंवा ताम्हाणे घरी जाऊन डाळ पातळ करत असतील,
पगारपत्रकात डाळ नसते.
एवढंच सांगता येईल:
‘तीन’ लिहिताना दर वेळी बोरू दाबला गेलाय.
कागद मागून हाताला लागतो.

हिरल स्कॅनरचं झाकण पाडते.
कडेनं उजेड सरकतो, जातो, परत येतो.
मी बघत नाही. डोळ्याला लागतो तो.
‘विषय काय लिहू, बेन?’
यादीत आहेत: जकात. बांधकाम. नोकरवर्ग. किरकोळ.
‘किरकोळ,’ मी म्हणते.
ती लिहून टाकते, तिचीही घाई असते,
सहाची बस.

मी पानं सारखी करते, ठोकून,
आणि खारव्याची चारी टोकं वर घेते.
सकाळी याच कापडात हे सगळं मावलं होतं.
आता गाठीला बोटभर कमी पडतंय.