कारण क्रमांक सतरा

दिलगिरीचं वाक्य मीच निवडते.
कार्लाइलच्या नियंत्रण कक्षात, पहाटे पाच चाळीसला,
पडद्यावर कारणांची यादी उघडते:
रुळांवर मेंढ्या. सिग्नलमध्ये बिघाड. ओली पानं.
सतरावं – कर्मचारी अनुपलब्ध.
एक टिचकी,
आणि समुद्राकाठच्या कुठल्याशा फलाटावर
पिवळी अक्षरं सरकू लागतात:
गाडी रद्द करण्यात येत आहे.
त्या वाक्यात कर्ता शोधू नका.
कर्ता मुख्यालयात असतो
आणि रविवारी फोन उचलत नाही.

अनुपलब्ध म्हणजे लेन फेरन, माझ्याच गल्लीतला.
अकरा वर्षं त्यानं सुट्टीच्या दिवशी गाडी हाकली,
कारण चार माणसं नेमायची राहून गेली होती.
मार्चपासून तो नाही म्हणतो.
नाही म्हणतो, आणि लीकच्या वाफ्यातलं तण काढतो.
इतका उपलब्ध माणूस मी दुसरा पाहिला नाही;
हाक मारा, कुंपणाशी येतो.

मे महिन्यात वरून नवा शब्द आला: आजारपण.
आजाऱ्यावर कोण चिडणार?

तिसऱ्या आठवड्यात टपालानं एक कार्ड आलं,
वर डॅफोडिल्स, आत थरथरतं अक्षर:
'नऊ चौदाच्या चालकास –
लवकर बरे व्हा.
आल्याचा केक आणला होता,
पण तिकिटाची खिडकी बंद होती.
इसमे टायसन, सीस्केल.
(बहिणीला भेटायला जाते, दर रविवारी. जायचे.)'

लेननं मातीचे हात विजारीला पुसले,
दोनदा वाचलं.
"आता मला खोकायला हवं," म्हणाला,
पण हसला नाही.
कार्ड परत देताना त्यानं ते उलटं धरलं होतं,
चित्र माझ्याकडे.

पुढच्या रविवारी मी यादीच्या तळाशी गेले.
तिथे 'इतर' असतं. साठ अक्षरं मावतात.
लिहिलं:
चालकाची आज सुट्टी आहे. बदली माणूस नेमलेला नाही.

चार मिनिटं टिकलं.
मग मुख्यालयानं फोन केला, स्वतःहून, रविवारी,
आणि मी सतरावर परत आले.

पण त्या चार मिनिटांत
सीस्केलच्या कॅमेऱ्यात एक बाई दिसल्या.
चष्मा कपाळावर, मान वर,
ओठ हलताहेत.
पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली.
मग बाकावर बसून त्यांनी पिशवी उघडली,
डब्याचं झाकण काढलं
आणि केक स्वतःच खायला लागल्या.